‘सोमवार साडेदहा’ ही अजून तारीख झालेली नाही

तुमच्या प्रश्नातून मला काय समजलं ते आधी मांडतो. एका दवाखान्याच्या साइटचं काम तुमच्याकडे आहे. अपॉइंटमेंटच्या वेळा मजकुराच्या रूपात येतात. कधी इंग्रजीत ‘मंडे १०:३० एएम’, तर कधी व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललेलं ‘सोमवारी सकाळी साडेदहा’. यातून पुढची नेमकी तारीख काढून डेटाबेसमध्ये टाकायची आहे. पीएचपीच्या स्ट्रटोटाइमला (मजकुरातून तारीख-वेळ काढणारं फंक्शन) इंग्रजी मजकूर दिला की तुमच्या मशीनवर सगळं ठीक चालतं. होस्टिंगवर मात्र साडेदहाची अपॉइंटमेंट ब्राउझरमध्ये दुपारी चारची दिसते आणि मध्यरात्रीनंतर कोणी बुकिंग केलं तर कधीकधी कालचीच तारीख लागते. तोच मजकूर जावास्क्रिप्टच्या डेटला दिला तर ‘इनव्हॅलिड डेट’ येतं. यावर कोणती लायब्ररी वापरावी, असं तुम्ही विचारलंय.

लायब्ररीचं बोलूच, पण तुमची अडचण मजकूर वाचण्याची नाही. स्ट्रटोटाइमनं तो बरोबर वाचला. ‘सोमवार साडेदहा’ हा अर्धवट निरोप आहे. कोणत्या दिवसापासून मोजायचं, कुठल्या घड्याळाचे साडेदहा आणि आजच सोमवार असेल तर आजचा धरायचा की पुढचा, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. तुम्ही ते सांगितलं नाही, म्हणून फंक्शननं स्वतःच्या मनानं ठरवलं. तुमच्या मशीनवर त्याचं आणि तुमचं मत जुळलं, सर्व्हरवर जुळलं नाही.

तुमची दोन्ही लक्षणं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. साडेदहा आणि चार यांत बरोबर साडेपाच तासांचं अंतर आहे, म्हणजे भारतीय वेळ आणि यूटीसी (जगाची प्रमाण वेळ) यांच्यातलं. पीएचपीच्या सेटिंगमध्ये टाइम झोन दिलेला नसेल तर ते यूटीसी धरतं. सर्व्हरनं साडेदहा यूटीसीचे समजून साठवले आणि पेशंटच्या ब्राउझरनं प्रामाणिकपणे भारतीय वेळेत रूपांतर करून चार दाखवले. दुसरं लक्षणही तिथूनच येतं. समजा सोमवार संपून मंगळवार लागल्यावर रात्री एक वाजता कोणी ‘मंडे’ लिहिलं. सर्व्हरच्या घड्याळात तेव्हा सोमवार संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. त्याच्या दृष्टीनं आजच सोमवार, म्हणून त्यानं सोमवारची म्हणजे पेशंटच्या हिशेबानं कालची तारीख दिली. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात आपण आणि यूटीसी वेगवेगळ्या तारखांवर असतो आणि दिवसा टेस्टिंग करणाऱ्याला हा बग कधीच दिसत नाही. जाता जाता एक: तुमच्या मशीनवर झॅम्प (आपल्याच मशीनवर सर्व्हर चालवायचं तयार पॅकेज) असेल तर त्याची कॉन्फिग फाइल उघडून बघा. त्यात टाइम झोन मुळात युरोप/बर्लिन असा लिहिलेला असतो. लोकलवर चालतंय म्हणजे बरोबर आहे असं समजू नका.

आता तयार फंक्शनं अशा मजकुराचं काय करतात ते बघू, कारण गाफील राहिलं की इथेच फसगत होते.

पीएचपीत नुसतं ‘मंडे’ म्हणजे आजपासून पुढे येणारा पहिला सोमवार, आणि आज सोमवार असेल तर आजचाच. सोमवारी दुपारी दोन वाजता ‘मंडे १०:३०’ दिलंत तर आज सकाळचे साडेदहा मिळतील, म्हणजे होऊन गेलेली वेळ. एरर नाही, वॉर्निंग नाही. ‘नेक्स्ट मंडे’ दिलं तर आजचा दिवस कधीच धरला जात नाही, पण रविवारी विचाराल तर उद्याचाच सोमवार मिळतो. याहून कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे वार आणि तारीख जुळत नसतील तेव्हा काय होतं ती. २६ जानेवारी २०२६ ला सोमवार आहे. कोणी चुकून ‘ट्यूजडे २६ जानेवारी २०२६’ असं इंग्रजीत लिहिलं, तर स्ट्रटोटाइम तक्रार न करता पुढच्या मंगळवारावर सरकतं आणि २७ जानेवारी देतं. दवाखान्यात याचा अर्थ पेशंट एका दिवशी येणार आणि डॉक्टर दुसऱ्या दिवशी वाट बघणार.

जावास्क्रिप्टची तऱ्हा वेगळी. भाषेच्या अधिकृत मानकात हमी आहे ती आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या धाटणीच्या, म्हणजे ‘२०२६-०१-२६’सारख्या (पण इंग्रजी अंकांतल्या) मजकुराची आणि डेट स्वतः छापतं त्या ठरावीक रूपांची. बाकी सगळं ज्या-त्या ब्राउझरवर सोडलेलं आहे. तुम्हाला ‘इनव्हॅलिड डेट’ मिळालं हे खरं तर नशीब म्हणा. क्रोममध्ये इंग्रजीत ‘मंडे १०’ देऊन बघा, १ ऑक्टोबर २००१ मिळेल. पहिल्या आकड्याआधीचे अनोळखी शब्द क्रोम सरळ गिळून टाकतं, एकट्या आकड्याला महिना समजतं आणि वर्ष २००१ धरतं. ‘रूम ५’ सुद्धा त्याला १ मे २००१ वाटतो. अशा उत्तरापेक्षा ‘इनव्हॅलिड’ शंभरपट बरं.

पायथन वापरणारेही हे वाचत असतील, म्हणून त्यातलीही एक गंमत सांगतो. स्ट्रपटाइम या मजकूर वाचणाऱ्या फंक्शनला वार, तास, मिनिटं असा साचा देऊन ‘ट्यूजडे १०:३०’ वाचायला सांगा. उत्तर येतं १ जानेवारी १९००, साडेदहा. वाराचं नाव बरोबर आहे की नाही एवढं ते तपासतं आणि मग ते विसरून जातं. आता गंमत अशी, की १ जानेवारी १९०० ला सोमवार होता. टेस्ट लिहिणाऱ्यानं नमुन्याला ‘मंडे’ घेतला आणि निकालाचा वार तेवढा तपासला तर टेस्ट हिरवी, म्हणजे पास, होते.

थोडक्यात, एकच मजकूर तीन भाषांत तीन निकाल देतो आणि तिन्ही निकाल त्यांच्या-त्यांच्या नियमांनी बरोबर असतात. म्हणून माझ्या कामात मी हे दोन वेगळ्या फंक्शनांत तोडतो. पहिलं फक्त वाचतं. मजकूर आत गेला की वार, तास आणि मिनिटं एवढंच बाहेर येतं किंवा स्पष्ट नकार. त्याला आजची तारीख माहीत नसते आणि नसावीच. दुसरं फंक्शन ठरवतं. त्याला वार-वेळ, मोजणीचा आरंभ, टाइम झोन आणि दवाखान्याचा नियम असं सगळं बाहेरून द्यायचं, मग ते तारीख देतं. या दुसऱ्या फंक्शनमध्ये ‘आत्ता’ विचारणारा कॉल नको. तो एकदा आत शिरला की कोड टेस्ट करता येत नाही आणि बग पकडायला मध्यरात्रीपर्यंत जागावं लागतं.

मोजणीचा आरंभ म्हणजे ‘आत्ता’ नव्हे, हे विशेष लक्षात ठेवा. रविवारी रात्री ११:५८ ला कोणी ‘उद्या दहाला येतो’ असा मेसेज टाकला आणि तुमच्या क्रॉन जॉबनं (ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम) तो १२:०५ ला उचलला, तर ‘उद्या’ म्हणजे सोमवारच. मजकूर लिहिला गेला ती वेळ आरंभ धरायची, तो प्रोसेस झाला ती नाही.

दवाखान्याचा नियम मात्र मी तुम्हाला सांगू शकत नाही, तो डॉक्टरांना विचारावा लागेल. आज सोमवार आहे, सकाळचे नऊ वाजलेत आणि कोणी ‘सोमवारी साडेदहा’ म्हणतंय: आजची वेळ द्यायची का? काही ठिकाणी हो, काही ठिकाणी किमान चार तास आधी कळवावं लागतं. वेळ टळून गेली असेल तर पुढच्या आठवड्यात ढकलायची की परत विचारायचं? मी साधारणपणे असं ठेवतो: आजचा वार चालेल, पण मिळालेली वेळ आरंभाच्या पुढे असली पाहिजे, नसेल तर सात दिवस पुढे. ‘पुढच्या सोमवारी’ असा शब्द आला तर मी अंदाज करत नाही. शनिवारी बोलताना ‘येत्या सोमवारी’ म्हणजे परवा, याबद्दल सहसा दुमत नसतं. ‘पुढच्या सोमवारी’ म्हटल्यावर एकाच घरातले दोघं दोन वेगळे सोमवार सांगतात. तिथे दोन्ही तारखा दाखवून निवडायला लावणं हाच मार्ग.

गणित सोपं आहे. हवा असलेल्या वाराच्या क्रमांकातून आजच्या वाराचा क्रमांक वजा करा, सात मिळवा, सातनं भागून बाकी घ्या, तेवढे दिवस पुढे जा. आधी सात मिळवायचे कारण ऋण संख्येची बाकी जावास्क्रिप्ट आणि पीएचपी ऋणच देतात, पायथन देत नाही. लोक चुकतात ते क्रमांकांत. जावास्क्रिप्टमध्ये रविवार शून्य, पायथनच्या वीकडेमध्ये सोमवार शून्य, आयएसओत सोमवार एक आणि रविवार सात. मायएसक्यूएलमध्ये तर एकाच घरात दोन पद्धती: डेऑफवीकला रविवार एक आणि वीकडेला सोमवार शून्य. फ्रंटएंडनं पाठवलेला ३ डेटाबेसमध्ये कोणता वार ठरेल हे वाचणाऱ्याला कळत नाही. मी दोन भागांच्या सीमेवर सगळीकडे आयएसओचे क्रमांक वापरतो आणि आत येताना-बाहेर जाताना एकाच जागी रूपांतर करतो.

टाइम झोन नेहमी नावानं द्या: एशिया/कोलकाता. +५:३० असा फरक लिहून भारतापुरतं भागतं, कारण आपल्याकडे घड्याळं पुढे-मागे करत नाहीत. पण हा कोड कधीतरी बाहेर जाणार असेल तर तीच सवय अंगाशी येते. दवाखाना पुण्यात आणि पेशंट पुण्यातला, तर झोन दवाखान्याचा धरा, पेशंटच्या ब्राउझरचा नको. दुबईला गेलेला मुलगा आईसाठी बुकिंग करतो तेव्हा त्याच्या लॅपटॉपचं घड्याळ तिथलं असतं, आईला मात्र इथल्या साडेदहाला पोचायचं असतं.

दवाखान्यापेक्षा ऑनलाइन वर्गांत हे जास्त जाचतं आणि मराठी मंडळींचे असे वर्ग आता पुष्कळ आहेत, म्हणून थोडं थांबून सांगतो. पुण्याहून रविवारी रात्री आठला गाण्याचा वर्ग असेल तर न्यू जर्सीतल्या विद्यार्थ्यासाठी तो उन्हाळ्यात सकाळी साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेनऊला असतो. उलट मूळ वेळ न्यू जर्सीची असेल तर पुण्यातल्या गुरुजींचं घड्याळ सरकतं. वर्ग कोणाच्या वेळेला बांधलेला आहे हे त्यामुळे डेटातच लिहावं लागतं. २०२६ मध्ये अमेरिकेत घड्याळ पुढे-मागे करण्याचे हे बदल ८ मार्च आणि १ नोव्हेंबरला आहेत, ब्रिटन आणि युरोपात २९ मार्च आणि २५ ऑक्टोबरला. म्हणजे मार्चमधले तीन आठवडे अमेरिका पुढे गेलेली असते आणि लंडन अजून नाही. शिवाय वारसुद्धा बदलतो: पुण्याची सोमवार पहाट सहाची तालीम न्यू जर्सीत रविवारी संध्याकाळी असते. तिथल्या पालकांना ‘सोमवार’ असं लिहून पाठवाल तर निम्मे जण एक दिवस उशिरा लॉगिन करतील.

यावरून साठवण्याचा नियम निघतो. ‘दर रविवारी आठ’ ही तारीख नाही, तो नियम आहे. म्हणून वार, स्थानिक वेळ आणि झोनचं नाव असे तीन कॉलम ठेवा आणि प्रत्येक वर्गाची यूटीसी वेळ त्यातून काढा. वर्षभराच्या यूटीसी वेळा आधीच काढून ठेवल्या आणि त्या एका आठवड्याचे सेकंद मिळवत काढल्या, तर घड्याळ बदललं की एक तासाचा फरक पडतो. सहा लाख चार हजार आठशे सेकंद म्हणजे नेहमीच एक आठवडा नव्हे. झोन असलेल्या तारीख-ऑब्जेक्टला ‘सात दिवस पुढे’ म्हणा, भिंतीवरचं घड्याळ तेच राहील. एकदाच होणारी, ठरून गेलेली अपॉइंटमेंट यूटीसीत ठेवली तरी चालते, पण मूळ मजकूर शेजारच्या कॉलममध्ये जरूर ठेवा. भांडण झालं की तोच पुरावा असतो.

आता मराठी मजकूर. स्ट्रटोटाइमला तो कळत नाही आणि जावास्क्रिप्टच्या इंटलमध्ये (भाषेनुसार तारखा-आकडे मांडणारा भाग) छापायची सोय आहे, वाचायची नाही. यात एक उपप्रश्न लपलेला आहे: मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) देऊन तारीख छापली की ती देवनागरी अंकांत येते. स्क्रीनवर छान दिसते, पण तीच परत वाचायला दिली तर जावास्क्रिप्ट हात वर करतं. त्याला ‘१०’ ही संख्याच वाटत नाही. पायथनचं इंट (मजकुरातून संख्या काढणारं फंक्शन) हे अंक बिनदिक्कत वाचतं. म्हणून पहिली पायरी कायम एकच: देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलून घ्यायचे.

दुसरी पायरी युनिकोड एकसारखं करण्याची. ‘दुसऱ्या शनिवारी’ यातला ‘ऱ्या’ काही कीबोर्ड एका पद्धतीनं टाकतात, काही र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही तेच. एनएफसी (युनिकोड एकसारखं करायची ठरलेली पद्धत) केल्यानं नुक्त्याच्या जोड्या जुळतात, पण ते अदृश्य चिन्ह तसंच राहतं, त्याची सोय वेगळी करावी लागते. आणि दुसरा शनिवार हा नुसता शब्दखेळ नाही: १ सप्टेंबर २०१५ पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, त्यामुळे पेमेंटच्या तारखा लावणाऱ्या प्रत्येकाला हा हिशेब लागतो. पीएचपीत ‘सेकंड सॅटर्डे ऑफ फेब्रुवारी २०२६’ म्हटलं तर १४ फेब्रुवारी मिळते. त्यातला ‘ऑफ’ गळला तर अर्थ बदलून पुढचा दुसरा शनिवार असा होतो, हे ध्यानात असू द्या.

मग वार ओळखणं. ‘सोम’ने सुरू होणारा शब्द पकडला की झालं, असं वाटतं. लिहिणारा ‘सोमवारी’, ‘सोमवारचा’, ‘सोमवारपर्यंत’, ‘सोम.’ असं काहीही लिहितो, तेव्हा ते सोयीचंही आहे. पण मेसेज ‘सोमनाथ पाटील, गुरुवारी ११’ असा आला की पंचाईत. पहिला सापडलेला वार सोमवार. म्हणून मुळाच्या पुढे ‘वार’, टिंब किंवा शब्दाचा शेवट हवाच. शब्दाचा शेवट शोधायला जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं शब्दसीमेचं चिन्ह वापरू नका. त्याला फक्त इंग्रजी अक्षरं माहीत आहेत, देवनागरी त्याच्या दृष्टीनं विरामचिन्हांसारखीच. युनिकोडचा ‘अक्षर’ हा वर्ग वापरलात तरी काना-मात्रा त्यात येत नाहीत, त्या ‘चिन्ह’ या वर्गात असतात. दोन्ही घ्यावे लागतात. एकाच मजकुरात दोन वार सापडले तर नकार द्या. ‘दर’ हा शब्द सापडला तर ती अपॉइंटमेंट नाही, वेळापत्रक आहे, तो रस्ताच वेगळा. ‘गुरूवार’, ‘रवीवार’, ‘मंगलवार’ अशी चुकीची किंवा हिंदी रूपं गुपचूप स्वीकारा. कोकण-गोव्याकडचे पेशंट असतील तर ‘आयतार’, ‘बिरेस्तार’ हेही यादीत घाला. यादी कोडमध्ये नको, टेबलमध्ये ठेवा, ती वाढतच जाते.

वेळेचं प्रकरण माझ्या आवडीचं आहे. सव्वा म्हणजे पंधरा मिनिटं पुढे, साडे म्हणजे तीस पुढे, पावणे म्हणजे पंधरा मागे, आणि दीड-अडीच हे स्वतंत्र. ‘साडेदहा’ जोडून येतं, ‘साडे दहा’ तोडून येतं आणि ‘साडे १०’ही येतं. ‘पावणेएक’ला काळजी घ्या: एकातून पंधरा मिनिटं वजा केली की शून्य तास पंचेचाळीस मिनिटं होतात, आणि ‘दुपारी’चे बारा तास मिळवले की १२:४५, म्हणजे बरोबर. पण ‘दुपारी साडेबारा’ला तेच बारा मिळवलेत तर रात्रीचे साडेबारा होतात. बाराला आधी शून्य करायचं, मग दुपार-संध्याकाळचे बारा मिळवायचे. क्रम हाच.

‘रात्री’ हा शब्द मी सगळ्यात जपून हाताळतो. ‘रात्री नऊ’ला प्रश्न नाही. ‘शनिवारी रात्री एक’ म्हणणाऱ्या माणसाच्या मनात शनिवारची रात्र अजून चालू आहे, कॅलेंडरवर मात्र रविवार उजाडलेला आहे. ‘शनिवारी रात्री बारा’ म्हणजेही शनिवार संपतो ते बारा. आणि इंग्रजीत ‘सॅटर्डे १२:०० एएम’ असं आलं तर नियमानं ती शनिवारची सुरुवात, चोवीस तास आधीची. एकाच फॉर्ममध्ये दोन्ही भाषा चालणार असतील तर एकच नियम दोन्हींना लावता येत नाही. मी मराठीतल्या ‘रात्री’ला बारा ते तीनपर्यंत पुढची तारीख देतो आणि बाहेर पडणाऱ्या उत्तराला ‘खात्री करा’ असा झेंडा लावतो. तुमचा दवाखाना रात्री नऊला बंद होत असेल तर हे सगळं सोडून द्या आणि अशी वेळ सरळ नाकारा.

तेच ‘साडेसहा’चं. सकाळ-संध्याकाळ काहीच लिहिलेलं नाही. दवाखाना सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते नऊ असेल तर साडेसहा एकाच ठिकाणी बसतात, तर्क चालतो. योगवर्ग असेल तर दोन्ही वेळा शक्य, तर्क चालत नाही. हा निर्णय उघड्या वेळांच्या टेबलवरून घ्या, कोडमध्ये ‘सातच्या आत असेल तर पीएम’ असं खिळवून ठेवू नका. ‘परवा’चंही तसंच. आपल्याकडे तो दोन्ही दिशांना चालतो, पण बुकिंगमध्ये येणाराच धरायचा आणि तक्रारीच्या फॉर्ममध्ये बहुधा गेलेला.

लायब्ररीचं म्हणाल तर, पीएचपीत कार्बन चांगलं आहे, पण ते पीएचपीच्या स्वतःच्या डेटटाइमवरच उभं आहे, त्यामुळे ‘मंडे’चे वर सांगितलेले नियम तसेच लागू. त्याचा खरा उपयोग झोन सांभाळणं आणि टेस्टमध्ये घड्याळ गोठवणं. ब्राउझरमध्ये मोमेंट नव्यानं घेऊ नका, २०२० पासून ते फक्त देखभालीवर आहे. लक्सन किंवा डेट-एफएनएस पुरे. टेम्पोरल ही जावास्क्रिप्टची नवी सोय फायरफॉक्समध्ये २०२५ मध्ये आली. तिच्यात नुसती तारीख, नुसती वेळ आणि झोनसकट वेळ हे वेगळे प्रकार आहेत, म्हणजे आपण वर हातानं केलेली फोड तिथे भाषेतच आहे. जुन्या ब्राउझरसाठी पॉलिफिल (नवी सोय तिथे पुरवणारा कोड) लागेल. मराठी मजकूर वाचण्याचं काम यांपैकी कोणाच्याही गळ्यात घालू नका. ते शंभर-दीडशे ओळींचं काम आहे आणि तुमच्या पेशंटांची भाषा तुम्हालाच जास्त कळते.

फॉर्म तुमच्या हातात असेल तर मोकळा मजकूर घेऊच नका. वाराची यादी आणि उपलब्ध वेळा द्या, निम्मा कोड गळून पडेल. व्हॉट्सअ‍ॅप किंवा एक्सेलमधून येणारं मात्र टाळता येत नाही. तिथे निघालेली तारीख पूर्ण लिहून परत दाखवा: ‘सोमवार, २६ जानेवारी २०२६, सकाळी १०:३०. बरोबर?’ वार आणि तारीख दोन्ही असली की माणूस चूक लगेच पकडतो. मजकुरातच दोन्ही आले असतील आणि जुळत नसतील तर कोणतंही एक खरं मानू नका, परत विचारा.

टेस्ट लिहिताना घड्याळ गोठवून हे प्रसंग घ्या: वेळेच्या एक मिनिट आधी, नेमक्या त्या वेळी, एक मिनिट नंतर, मंगळवार लागल्यावर रात्री एक, सर्व्हर यूटीसीवर ठेवून, ३१ डिसेंबरला मागितलेला पुढचा गुरुवार, आणि परदेशी विद्यार्थी असतील तर न्यूयॉर्कच्या झोनमध्ये ८ मार्च २०२६ पहाटे अडीच. ती वेळ तिथे अस्तित्वातच नाही, पीएचपी ती साडेतीनवर ढकलतं. नमुन्याला सातही वार घ्या, एकटा सोमवार नको.

राहिल्या तुमच्या डेटाबेसमधल्या जुन्या ओळी. त्यांच्याजवळ नोंद झाल्याची वेळ असेल तर ती आरंभ धरून नव्या फंक्शनमधून सगळ्या पुन्हा काढा आणि आधीच्या तारखेशी जुळत नाहीत त्या वेगळ्या काढून नजरेखालून घाला. नोंदीची वेळ डेटाबेसनं कुठल्या झोनमध्ये लिहिली होती हे आधी तपासा, नाहीतर तोच साडेपाच तासांचा घोळ उलट्या बाजूनं शिरेल. ज्या ओळींना नोंदीची वेळच नाही त्यांना तारीख लावू नका. कॉलम रिकामा ठेवा, यादी काढून काउंटरवर द्या आणि पेशंटला फोन करून विचारू द्या.